हुज्जतीचे उणे पाच

आमच्या घरच्या फुटबॉल लीगमध्ये गोल मारला तर दोनच गुण मिळायचे. थ्रो-इन नीट टाकला की एक, चेंडू हिसकावून घेतला की दोन, फाउल केला की उणे तीन, ऑफसाइड सापडला की उणे दोन. हे नियम माझ्या थोरल्या दिरांनी केले होते.

जे फॅन्टसी लीग कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी खरे सामने होतात. आपण घरी बसून त्यातले अकरा खेळाडू निवडायचे, आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात. आमच्याकडे एक खेळाडू एका वेळी एकाच्याच संघात असायचा, अदलाबदल शुक्रवारी. जगभर या खेळात गोलला भाव असतो. आमच्याकडे नव्हता, कारण दीर तरुणपणी रेफरी होते. नोकरी कारखान्यात आणि सुटीला मैदान. तालुक्याचे, जिल्ह्याचे सामने त्यांनी शिट्टी घेऊन चालवले होते. फॉरवर्ड म्हणजे मस्तवाल लोक, गोल काय कोणीही मारतो, असं त्यांचं ठाम मत. लीगचे आयुक्तही तेच. त्यांनीच स्वतःला नेमलं होतं.

चौलला आमची सुपारीची वाडी आहे. घराची वाटणी झाली तेव्हा पुढची पडवी आणि पुढचं दार दिरांकडे गेलं, मागचं दार आमच्याकडे आलं. माझ्याकडे येणारं माणूस धुण्याच्या दगडाला वळसा घालून, ओल्या साड्यांखालून वाकून येतं. माझे वडील एकदा तसे आले. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पाणी ठिबकत होतं आणि दीर पडवीतल्या झोपाळ्यावर बसून बघत होते. "या, या," म्हणाले. पण "इकडून या" काही म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांचा राग करते. तो कमी करावा असं मला कधी वाटलं नाही, आणि त्यांनीही तशी संधी कधी दिली नाही.

मी लीगमध्ये आले तीही रागानेच. पहिल्या वर्षी माझा नवरा तळाला राहिला. नारळी पौर्णिमेला दोन्ही घरं एका पंगतीला जेवत होती आणि मी भात वाढत होते. दीर माझ्याशी सहसा थेट बोलायचे नाहीत, नवऱ्याच्या तोंडून बोलायचे.

"तुझी बायको कॉलेजात संख्याशास्त्रच शिकवते ना? मग तिलाच दे तुझा संघ. फळा आणि मैदान यांत काय फरक असतो ते कळेल तरी."

"द्या," मी म्हणाले.

नवरा माझ्याकडे बघून हसला. "अगं, दादा गंमत करतोय."

"मी करत नाहीये."

त्याने मोबाइल पुसून माझ्या हातात दिला. एवढंच झालं.

नेटवर खेळाडूंचे अंदाज सांगणारे ढिगाने आहेत. पण ते सगळे त्यांच्या नियमांचे. त्यांचा पहिल्या नंबरचा खेळाडू आमच्याकडे तोट्यात जायचा. म्हणून मी गुणांचा अंदाज बांधायच्या भानगडीत पडलेच नाही. मी कृतींचा अंदाज बांधला. हा माणूस नव्वद मिनिटांत किती वेळा चेंडू हिसकावतो, किती फाउल करतो, थ्रो-इन टाकायला तो येतो की दुसराच कोणी. हे कच्चे आकडे मिळतात. मग समोरचा संघ कोण, आणि मुळात याला किती मिनिटं खेळवतील. एखाद्याने दोन सामन्यांत कमाल केली म्हणून तो दरवेळी तेच करेल असं धरायचं नसतं. थोड्या सामन्यांवर थोडाच विश्वास ठेवायचा, बाकीचा त्या जागेवर खेळणाऱ्या सगळ्यांच्या सरासरीवर. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत विसरतात. सगळ्या कृतींचे अंदाज तयार झाले की शेवटी दिरांच्या नियमांनी गुणायचं.

त्या हिशेबात एक जगप्रसिद्ध फॉरवर्ड शून्याच्या खाली गेला. गोल करायचा, पण दर गोलामागे कितीतरी वेळा ऑफसाइड सापडायचा आणि चिडून कोणाला तरी पाडायचा. पुण्याच्या पुतण्यांनी त्याच्यासाठी आपसात भांडण केलं. मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी घेतले ते कोणाच्याही भिंतीवर पोस्टर नसलेले लोक. त्यातला बचावातला एक डावा बॅक तर इतका रटाळ होता की सामना बघताना नवरा विचारायचा, "हा खेळतोय का आज?" खेळत असायचा. थ्रो-इन टाकत असायचा, फाउल करत नसायचा.

ग्रुपवर पुतण्यांनी माझ्या संघाला "पेन्शनर मंडळ" नाव ठेवलं. दिवाळीपर्यंत पेन्शनर मंडळ सगळ्यांच्या वर होतं.

मग ग्रुपवर दिरांचा संदेश आला. थ्रो-इनला यापुढे गुण नाहीत, आयुक्तांचा निर्णय अंतिम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर पंप चालू करायला आले. विहीर दोन्ही घरांची आहे, म्हणून तिथे गाठ पडतेच. मी कळशी भरत होते.

"प्राध्यापिकाबाई," ते पंपाच्या खटक्याकडे बघत म्हणाले, "फुटबॉल डोळ्यांनी बघायचा असतो."

"नियम तुम्हीच केले होते, भाऊजी. मी फक्त वाचले."

"माझे नियम आहेत. मी बदलणार."

"बदला ना. मला एक संध्याकाळ पुरते."

ते खरं होतं. कृतींचे अंदाज जिथल्या तिथे होते, बदलायचा होता तो फक्त शेवटचा गुणाकार. दोघांना काढलं, दोघांना घेतलं, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा वर होते. मग त्यांनी हिसकावलेला चेंडू आपल्याच माणसाकडे गेला तरच गुण, असं केलं. मी पुन्हा गुणाकार केला. प्रत्येक नव्या नियमाची मी वाट बघायला लागले, आणि खरं सांगायचं तर माझा वेळ त्या दिवसांत फार छान जात होता. वर्गातून येताना रेवदंड्याच्या बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं द्यायचे.

त्यांच्या लक्षात आलं असावं की जे आकडे नेटवर मिळतात ते मला मिळणारच. म्हणून त्यांनी असा नियम काढला ज्याचे आकडे कुठेच मिळत नव्हते. हुज्जत. रेफरीशी वाद घातला की दरवेळी उणे पाच. मोजणारे दीर स्वतः, टीव्हीसमोर बसून. हातवारे, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, डोळे वटारणं, सगळं त्यात आलं.

मी त्याचाही अंदाज बसवला. वाद घातला म्हणून कोणाला पिवळं कार्ड मिळालं होतं ते काढलं. कर्णधार जास्त बोलतात, हरणाऱ्या संघातले जास्त बोलतात, असं जमेल तेवढं धरलं. कच्चा अंदाज होता, चुकणार हे ठाऊकच होतं. पण अंदाज चुकण्यालाही रीत असते. कधी जास्त होतो, कधी कमी होतो. माझे बाकीचे सगळे अंदाज तसेच दोन्हीकडे चुकायचे. हुज्जतीचा मात्र एकाच बाजूला चुकत होता. माझे खेळाडू दर आठवड्याला अंदाजापेक्षा जास्त भांडत होते. पुतण्यांचे फॉरवर्ड, जे टीव्हीवर रेफरीच्या अंगावर धावून जाताना मला दिसत होते, ते गरीब गायीसारखे निघायचे.

मी माझा रटाळ डावा बॅक एका शुक्रवारी सोडून दिला. एका पुतण्याने उचलला. तो महिनाभर त्या पोराकडे होता आणि महिनाभर त्याने एकदाही हुज्जत घातली नाही. मग मी त्याला परत घेतलं. पहिल्याच शनिवारी त्याच्या नावावर तीन हुज्जती.

हे मी नवऱ्याला दाखवलं. त्याने आकडे बघितले आणि म्हणाला, "दादाचं वय झालंय."

"वय झालं तर सगळ्यांच्या बाबतीत चुकतील. फक्त माझ्याच बाबतीत कसे चुकतात?"

"तू हे त्याला सांगणार नाहीस."

"सांगणार आहे."

"अगं, खेळच आहे तो."

"मग त्यांनाही तेच सांग," मी म्हणाले. त्याने सांगितलं नाही. तो कधीच कोणाला काही सांगत नाही, आणि मग सगळे म्हणतात, किती समजूतदार.

जानेवारीत पोपटीला सगळे जमले. मुंबईचे चुलत दीर बायकामुलांसह बोटीने मांडव्याला उतरून आले, पुतणे पुण्याहून. आमच्याकडे पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. वाडीच्या मोकळ्या जागेत जाळ चांगला लागला होता. इकडे पडवीत सहाच्या सुमारास सामना सुरू झाला. माझा डावा बॅक खेळत होता. दीर झोपाळ्यावर, पुढ्यात मोबाइल. जाऊबाई उंबऱ्यात बसून उरलेल्या शेंगा निवडत होत्या.

जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. त्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या व्हरांड्यातून चालायला लागल्या की वर्गच्या वर्ग गप्प व्हायचे, असं त्यांच्या विद्यार्थिनी अजून सांगतात. घरात मात्र मी त्यांचा आवाज फारसा ऐकला नव्हता. दीर बोलत असले की त्या काहीतरी निवडत बसायच्या.

थोड्या वेळाने दीर म्हणाले, "हुज्जत. डावा बॅक. उणे पाच."

"कुठे?" मी विचारलं.

"हात वर केला."

"हात वर करणं म्हणजे हुज्जत?"

"रेफरीकडे बघून केला." ते टीव्हीकडेच बघत होते. "मैदानात उभं राहिलेल्या माणसाला कळतं ते."

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. डावा बॅक माझ्याकडे असताना कसा भांडतो आणि पुतण्याकडे गेला की कसा साधू होतो. मी आवाज चढवला नाही. वर्गात सांगते तसं, एकेक पायरी करून सांगितलं. त्यामुळे ते जास्त झोंबलं असावं.

"म्हणजे मी खोटारडा," दीर म्हणाले. पहिल्यांदाच ते सरळ माझ्याकडे बघून बोलत होते.

"तुमचे आकडे खोटे आहेत."

"जिल्ह्यात कोणी माझ्या शिट्टीवर बोट ठेवलं नाही. आणि तू, फळ्यापुढे खडू घासणारी..."

"जाऊ दे गं," चुलत दिरांनी मला म्हटलं. मला, थोरल्या दिरांना नाही. नवरा जाळ बघायला म्हणून उठून गेला.

"तो हात त्याने बदली खेळाडूला बोलवायला वर केला," जाऊबाई म्हणाल्या.

पडवीत कोणालाच कळलं नाही की कोण बोललं. शेंगांचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

"मी दर शनिवारी इथेच बसलेली असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोजता तेव्हा मीही मोजते, मनात. हिच्या खेळाडूंचे तुम्ही वाढवता. पोरांचे सोडून देता. गेल्या आठवड्यात त्याने तीनदा नाही, एकदाच तोंड उघडलं, आणि तेही पाणी प्यायला."

एक पुतण्या हसला.

"तुला काय कळतं हुज्जतीतलं?" दीर म्हणाले.

"मला?" जाऊबाईंचा आवाज आता तो शाळेतला होता, मला कळलं. "टेबलासमोर उभे राहून हुज्जत घालणारे पालक मी जन्मभर बघितले. संध्याकाळी घरी येऊन तुम्हाला बघितलं. मला नाही कळणार तर कोणाला?"

दीर उठले. टीव्हीचा खटका बंद केला. "लीग बंद," म्हणाले. मग चपला न घालता अंगणात उतरले, विहिरीकडची भरलेली बादली उचलली आणि सरळ जाऊन पोपटीवर ओतली. मग दुसरी. धुराचा आणि राखेचा लोट उठला, मडकं तडकलं, पोरं खोकत मागे सरली. नवरा तिथेच काटकी हातात धरून उभा होता. दीर त्याच्या बाजूने फाटकातून समुद्राच्या बाजूला निघून गेले.

अर्ध्या कच्च्या शेंगा जाऊबाईंनी आणि मी माझ्या स्वयंपाकघरात गॅसवर मिठाच्या पाण्यात उकडल्या. कोणी चांगल्या लागल्या म्हणालं नाही, कारण लागत नव्हत्या. चुलत दीर सकाळच्या पहिल्या बोटीने परत गेले. जाताना त्यांची बायको माझ्याशी बोलली नाही. तिच्या मते सणासारख्या दिवसाचा मी विचका केला होता. बादली कोणी ओतली हे तिने पाहिलं होतं, तरीसुद्धा.

दिरांनी नवऱ्यामार्फत निरोप पाठवला की मी माफी मागावी, सगळ्या ग्रुपसमोर. ग्रुप त्यांनीच आदल्या दिवशी मोडला होता, हे मी नवऱ्याच्या लक्षात आणून दिलं. मग त्यांनी दोन्ही अंगणांमधल्या फाटकाला कुलूप घातलं. जाऊबाई दुपारी शेजाऱ्यांच्या वाडीतून फिरून आल्या. पोफळींच्या आळ्यांतून चालून त्यांच्या साडीच्या निऱ्या चिखलाने भरल्या होत्या. येऊन ओट्याशी बसल्या, चहा मागितला, आणि मी न विचारता सांगायला लागल्या.

कुठल्याशा अंतिम सामन्यात दिरांनी एका फॉरवर्डचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला होता. निर्णय बरोबर होता. त्या फॉरवर्डने भर मैदानात त्यांच्या मुस्काटात मारली. लोक हसले. आयोजकांनी दोघांची समजूत घातली आणि संध्याकाळी ढाल त्याच फॉरवर्डच्या हातात दिली. दीर घरी आले, शिट्टी माळ्यावर टाकली आणि पुन्हा मैदानात गेले नाहीत.

"तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "पुष्कळ वर्षं वाटत होतं. म्हणून काही बोलत नव्हते."

त्यांची कदाचित अपेक्षा असेल की मी विरघळेन. मला दया आली नाही. कोणा फॉरवर्डची थप्पड माझ्या डाव्या बॅकने का खायची, आणि माझ्या वडिलांनी ओल्या साड्यांखालून का यायचं? मी तसं म्हणालेही.

"तुला नकोच येऊ दे," त्या म्हणाल्या. "मलाही आता येत नाही." आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "लीग परत सुरू करू. नियम मी करते."

त्यांचे नियम दिरांच्यापेक्षा चमत्कारिक निघाले. पडलेल्या विरोधी खेळाडूला हात देऊन उठवलं की चार. लागलं नसताना लोळलं की उणे सहा. बदली केल्यावर चिडून बाकावर बाटली आपटली की उणे आठ. गोलला एक गुण, "तो तरी कशाला," म्हणाल्या, "पण पोरं रडतील." यातल्या एकाचेही आकडे कुठे मिळत नव्हते. दोन पुतणे आले, नवरा आला नाही. "दादाला काय वाटेल," म्हणाला. शनिवारी तो दिरांकडे पडवीत जाऊन बसायला लागला, आणि घरी आला की बातम्या लावायचा.

मला आता आकडे मुळापासून गोळा करायचे होते. जाऊबाई आणि मी माझ्या मागच्या खोलीत सामने बघायचो, दोघी वेगवेगळ्या मोजायचो आणि शेवटी ताडून बघायचो. आधी आमचं जमेना. लोळणं कधीपासून धरायचं यावर पहिल्याच दिवशी भांडण झालं. मी म्हटलं, व्याख्या नीट करा, नाहीतर मोजण्याला अर्थ नाही. त्या म्हणाल्या, मला व्याख्या शिकवू नकोस, मी नियम केलाय, तू गुणाकार कर. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. मग व्याख्या केली, त्यांच्या मनासारखी. अंदाज तरी धड बसेनात, कारण एखादा माणूस दुसऱ्याला हात देतो तो कधीतरीच, आणि कधीतरी घडणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधायला फार सामने बघावे लागतात. हंगामाच्या शेवटी मी तिसरी आले. जाऊबाई धरून चौघांत.

भिंतीपलीकडे दीर तेच सामने बघायचे. आवाज इतका मोठा ठेवायचे की आम्हाला आमचा टीव्ही ऐकू येऊ नये.

शेवटच्या आठवड्यांतल्या एका सामन्यात माझ्या एका बॅकने पडलेल्या फॉरवर्डला हात पुढे केला आणि फॉरवर्डने तो झिडकारला. मी चार गुण धरले. जाऊबाई म्हणाल्या, नाही, हात घेतला तरच. मी म्हटलं, देणाऱ्याने दिला, घेणाऱ्याचं माझ्या खेळाडूने काय करायचं? त्या ऐकेनात. आमचा आवाज वाढला. तेवढ्यात उघड्या खिडकीतून पलीकडच्या पडवीतून दिरांचा आवाज आला, घसा ताणून.

"दिलाय! हात दिलाय त्याने! गुण द्या!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं आणि माझं मत एक झालं होतं. मी जाऊबाईंना म्हणाले, "राहू द्या. नाही धरत ते गुण." त्यांनी मान हलवली, उठल्या आणि खिडकी लावून घेतली.